रिटायर झाल्यावर पिकलबॉल सुरू करावं का? साठी, गुडघे आणि सोसायटीचं कोर्ट

निवांत_पुणेकरीण

नमस्कार मंडळी. मी मार्चअखेर बँकेतून रिटायर झाले, वय साठ. सुरुवातीचे दिवस झोप काढणं, कपाटं आवरणं, माहेरी राहून येणं यात मस्त गेले, पण आता सकाळचं आवरून झालं की पुढं काय असा प्रश्न पडतो आणि मग उगाच यांच्याशी कशावरून तरी वाजतं. आमच्या सोसायटीत टेनिस कोर्ट होतं, त्यावर कोणी टेनिस खेळलेलं मी तरी कधी बघितलं नाही, पोरं सायकली फिरवायची, तर कमिटीनं तिथं पिकलबॉलची (बॅटीसारखी पॅडल आणि भोकाचा प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन नेटवरून खेळायचा खेळ) दोन कोर्टं आखली आणि आता संध्याकाळी सहापासून आयटीवाल्या पोरापोरींची ही गर्दी असते. मी बाल्कनीतून रोज बघते. कोर्ट लहान आहे, बराच वेळ चौघंही पुढं येऊन टुकटुक करत असतात, त्यामुळे आपल्यालाही जमेल असं वाटायला लागलंय. शाळेत मी रिंग टेनिस (रबरी रिंग नेटवरून फेकायची-झेलायची) बरं खेळायचे, नंतर लग्न, पोरं, प्रमोशन, बदल्या, खेळ कुठला आलाय.

अडचणी अशा की उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, एक्स-रेत थोडी झीज दिसते पण डॉक्टर म्हणतात चाला-फिरा, बसून राहू नका. तर हा खेळ गुडघ्याला झेपेल का? कोच लावायचा का यूट्यूब बघून शिकता येतं? सोसायटीतलं नाही जमलं तर असावं म्हणून जवळच्या एका ठिकाणी चौकशी केली तर तासाला हजार रुपये म्हणाले, कोचचे वेगळे, पेन्शनीत हे कसं बसवायचं? आणि खरं सांगायचं तर त्या पंचविशीतल्या पोरांमधे जाऊन उभं राहायचा संकोच वाटतो. मुलगी म्हणते आई बिनधास्त जा. हे म्हणतात हाडं मोडून घेशील आणि मग निस्तरायचं मी. साठीनंतर कोणी सुरू केलंय का? खरं खरं सांगा, उगाच हो ला हो नको.

ठाणेकर_मावशी

अगं माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहेस त्यामुळे अगंतुगं करते, राग मानू नकोस. खेळ. उत्तर एवढंच आहे पण खरं खरं सांगा म्हणालीस म्हणून लांबण लावते.

आधी पैशाचं. तासाला हजार हा संध्याकाळचा भाव असतो. आमच्याकडे ठाण्यात सकाळी आठनंतर कोर्टं ओस असतात, पोरं ऑफिसात गेलेली, त्यामुळे कोर्टवाल्याशी महिन्याच्या बोलीवर बसलं की तो निम्म्यावर येतो, चौघींत वाटून माणशी सव्वाशे पडतात. हल्ली भाजी घ्यायला उतरलं तरी तेवढे जातात. आणि तुझ्या तर दारातच कोर्ट आहे बाई! कमिटीला लेखी अर्ज दे की सकाळी साडेसात ते नऊ ज्येष्ठांसाठी राखीव ठेवा. त्या वेळी तसंही कोणी फिरकत नसेल, म्हणजे पोरांमधे जायचा प्रश्नही मिटला. खरं काम कोर्ट मिळवणं नाही, चार माणसं जमवणं हे आहे. चार नाही, सहा-सात जमव, कारण आपल्या वयात रोज कोणाचं तरी काहीतरी असतंच, कोणाची दाताची अपॉइंटमेंट, कोणाकडे नातवंडं. आणि खेळायचं ते डबल्सच, सिंगल्सच्या वाटेला जायचंच नाही.

कोच सुरुवातीला महिनाभर लावा, सगळ्यांनी मिळून, म्हणजे सर्व्हिस आणि नियम डोक्यात बसतात आणि पॅडल धरायची वाईट सवय लागत नाही. पुढचं खेळून येतं.

आता खेळाचं. पोरं कशी हाणतात ते बघून तसं मारायला जाऊ नकोस. नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. त्यात उभं राहून चेंडू वरच्यावर मारायचा नाही, टप्पा पडला असेल तर मात्र खुशाल आत जाऊन मारायचा. या एका नियमामुळे कोणी नेटला चिकटून आपल्या अंगावर स्मॅश हाणू शकत नाही, आणि म्हणूनच आपल्यासारख्यांना इथं वाव आहे. चेंडू हळूच, नेटच्या जेमतेम वरून, समोरच्याच्या किचनात टाकायचा. याला डिंक म्हणतात. समोरचा वाकून तो उचलून परत तुझ्या किचनात टाकतो, तू परत टाकतेस, आणि ज्याचा धीर आधी सुटतो तो चेंडू उंच देतो नाहीतर नेटमधे घालतो. आमच्यात एक बहात्तरच्या बाई आहेत, आयुष्यात कधी मैदानात उतरलेल्या नाहीत, पण त्यांचा डिंक असा पडतो की उचलायला जमिनीपर्यंत वाकावं लागतं. मधे दोन कॉलेजची पोरं हौसेनं आमच्याशी खेळायला आली, पहिले काही चेंडू धाडधाड मारून बाहेर घालवले, मग नेटपाशी आली आणि बाईंनी त्यांना असं वाकवलं की गेम संपल्यावर पाणी पीत बसून राहिली. वर बाई काय म्हणतात, मला जोरात मारताच येत नाही हो!

नवऱ्याला घेणार असशील तर एका बाजूनं खेळू नका, हा फुकटचा सल्ला. दोघांच्या मधून चेंडू आला की दोघंही एकमेकांकडे बघतात, चेंडू निघून जातो आणि त्याची चर्चा जेवणापर्यंत चालते. मधला चेंडू ज्याच्या फोरहँडला येतो त्याचा, म्हणजे दोघं उजवे असतील तर डावीकडे उभं असेल त्यानं घ्यायचा, आणि तोंडानं ओरडायचं "माझा". लाजायचं नाही.

आणि आता कान देऊन ऐक. डोक्यावरून उंच चेंडू गेला, त्याला लॉब म्हणतात, तर तो घ्यायला उलट्या पावलांनी मागं पळायचं नाही. म्हणजे नाहीच. आमच्यातल्या एक जण अशाच मागं पडल्या, हात टेकला आणि मनगट गेलं, प्लास्टर, मग फिजिओ, मग भीती बसली ती वेगळीच. तेव्हापासून आमच्याकडे मुद्दाम लॉब टाकायला बंदी आहे आणि चुकून गेलाच तर चौघींपैकी सगळ्या ओरडतात, "जाऊ दे!" एक पॉइंट गेला तर काय पेन्शनीतून कापणारेत का?

टेकडीवाला

जरा वेगळं मत मांडतो, राग नसावा. काल झुंबा, आज पिकलबॉल, उद्या आणखी काहीतरी येईल. आम्ही रोज पहाटे हनुमान टेकडी चढतो, वर थोडे सूर्यनमस्कार, खाली येऊन चहा. दमडी लागत नाही (चहाची सोडून). पाच हजारांचं पॅडल, तेवढ्याचेच बूट, वर कोर्टाचं भाडं, यात विकणाऱ्यांचं चांगभलं होतं. साठीत हाडं जपावीत, उसनं अवसान आणू नये. बाकी ज्याची त्याची हौस.

फिजिओ_मी

टेकडीवाले काका, टेकडी सोडा असं कोणी म्हणतच नाहीये, ती चढताच आहात तर अजिबात सोडू नका. पण माझ्याकडे साठी-सत्तरीचे जे पेशंट पडून येतात ना, ते बाथरूममधे वळताना, बसमधून उतरताना, नातवाच्या मागं धावताना पडलेले असतात. म्हणजे आडवं पाऊल टाकायच्या, एकदम थांबायच्या किंवा वळायच्या वेळी. चालण्यानं दम टिकतो, वजन आटोक्यात राहतं, सगळं खरं, पण चालणं एकाच दिशेनं असतं. आडव्या पावलांची आणि तोल सावरायची सवय अशा खेळातून होते, फक्त त्यासाठी आधी पाय तयार पाहिजेत.

काकू, तुमच्यासाठी. गुडघ्यात थोडी झीज आहे म्हणून खेळायचं नाही असं नसतं. खेळताना किंचित दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शांत झालं तर चालतं. सूज आली, गुडघा अडकला किंवा मधेच दगा दिल्यासारखा लचकला तर मात्र खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा, वर निकॅप चढवून रेटू नका.

कोर्टवर जायच्या आधी घरीच बघा. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा सलग उठता येतंय का? भिंतीजवळ उभं राहून एका पायावर दहा सेकंद तोल राहतो का? दोन्ही जमलं तर सुरू करा. नसेल जमत तर महिनाभर हेच करा, खुर्चीतून उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीकडे तोंड करून आडवं चालणं. टाचा उचलायचा व्यायाम तर कुकर लावून उभं राहिल्यावरही होतो. पिकलबॉलमधे पोटरी आणि टाचेमागची शीर फार दुखावते, कारण शांत उभ्या असलेल्या माणसाला एकदम पहिलं पाऊल जोरात टाकावं लागतं. म्हणून खेळाआधी दहा मिनिटं कोर्टभोवती चालणं, मग आडवी पावलं, मग हात-खांदे, एवढं करायचंच. आणि सुरुवातीला एक दिवसाआड. रोज खेळायचा मोह होतो, मग तिसऱ्या आठवड्यात कोपर धरून माणसं माझ्याकडे येतात.

बुटांचं. मॉर्निंग वॉकचे जाड गुबगुबीत तळव्याचे रनिंग शूज घालून आडवं धावू नका, घोटा मुरगळतो. बॅडमिंटन किंवा टेनिसचे कोर्ट शूज घ्या, तळवा रुंद आणि सपाट. पॅडलवर नंतर खर्च करा, बुटांवर आधी.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे चष्मा. तुम्हाला प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल असेल तर त्याचा खालचा भाग वाचायचा असतो, आणि डिंक तर पायापाशी येतो, म्हणजे नेमका त्या भागातून बघितला जातो आणि धूसर दिसतो. आपली नजर गेली, वय झालं असं लोकांना वाटतं, तसं काही नसतं. खेळायला फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या, काच नको, पॉलीकार्बोनेट. चेंडू किंवा पार्टनरचं पॅडल डोळ्यावर बसू शकतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतं झालेलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही.

पाळी जाऊन बरीच वर्षं झाली असतील तर हाडांच्या घनतेची तपासणी करायची का ते तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा. ठाणेकर मावशींचा लॉबचा नियम मी क्लिनिकमधे चिकटवणार आहे.

टेक्सासचा_काका

डॅलसजवळ राहतो, माझं रिटायर होऊन झाली काही वर्षं, इकडचा अनुभव लिहितो. इकडे हा खेळ मुळात पोरांना सुट्टीत कंटाळा आला म्हणून जन्माला आला. १९६५ साली सिएटलजवळच्या बेनब्रिज आयलंडवर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी घरच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टवर टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकाचा प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन सुरू केलं, नेटही आधी बॅडमिंटनच्याच उंचीवर होतं, चेंडू टप्पा घेऊन चांगला उठतोय म्हणल्यावर खाली आणलं. पुढे बार्नी मॅककॅलम त्यात आले, पॅडल आणि नियम बसवण्यात त्यांचा मोठा हात. तर मूळचा हा घरातल्या लहानथोरांनी एकत्र खेळायचा प्रकार आहे, फक्त पोरांचा नाही, संकोच सोडा.

इकडे पार्कात बऱ्याच ठिकाणी कोर्टं फुकट असतात. कुंपणाला पॅडल ठेवायची एक रॅक असते, आलात की आपलं पॅडल रांगेत लावायचं, गेम संपला की चौघं बाहेर आणि रांगेतले पुढचे चौघं आत. त्यामुळे ओळख लागत नाही, ग्रुप लागत नाही. गेम संपल्यावर नेटपाशी येऊन पॅडलला पॅडल टेकवायची पद्धत आहे. सकाळच्या वेळेला बहुतेक पांढऱ्या केसांचीच मंडळी. फ्लोरिडात द व्हिलेजेस म्हणून निवृत्तांचं एक अख्खं गावच आहे, तिथं तर या खेळाचं वेड विचारू नका.

मला जास्त सांगायचंय ते मुलांकडे सहा महिने येणाऱ्या आईवडिलांबद्दल. दिवसभर मुलगा-सून कामावर, गाडी येत नाही, टीव्ही बघून किती बघणार. आमच्याकडे सोलापूरचे एक गृहस्थ मुलीकडे आले होते, इंग्रजी बोलायला बुजायचे, पहिले काही दिवस कुंपणाबाहेर हाताची घडी घालून उभे. एका चिनी आजोबांनी त्यांच्या हातात पॅडल कोंबलं आणि आत ओढलं. त्यांनाही इंग्रजी बेताचंच. खेळताना लागतं काय तर स्कोअर, "झीरो झीरो टू", तेवढं दोघांनाही यायचं. परत जायची वेळ आली तर हे गृहस्थ मुलीला म्हणतात, तिकीट पुढं ढकलता येतं का बघ.

फक्त येताना जो व्हिजिटर इन्शुरन्स काढता त्यातलं बारीक अक्षर वाचून घ्या, खेळताना झालेली दुखापत धरतात का आणि आधीपासूनच्या दुखण्यांचं काय म्हणतात ते. इकडे नुसता एमर्जन्सीत एक्स-रे काढला तरी बिल बघून दुसरं दुखणं सुरू होतं. आणि उन्हाळ्यात टेक्सासात काय, नागपुरात काय, नऊच्या आत घरी.

निवांत_पुणेकरीण

किती छान सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी! खुर्चीतून उठबस जमली, एका पायावर दहा सेकंद डावीकडे जमलं, उजवीकडे भिंत धरावी लागली, त्यामुळे महिनाभर टाचा उचलणार. अर्जही दिला कमिटीला. पाच जणी तयार झाल्यात, शिवाय तिसऱ्या मजल्यावरचे एक माजी पोस्टमास्तर.

आता नवीन त्रांगडं. हे सगळं मी वाचून दाखवत होते तर आमचे हे म्हणाले, मीपण येतो. हाडं मोडशील म्हणणारे हेच! यांचं वय सहासष्ट, दोन वर्षांपूर्वी एक स्टेंट बसवलाय, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत, शुगरच्याही. यांना येऊ द्यावं का?

दुसरं म्हणजे सेक्रेटरी म्हणाले कोर्टालगतच्या विंगेतल्या लोकांची आवाजाची तक्रार आहे, सकाळी साडेसातला परवानगी देणं अवघड, त्यापेक्षा क्लबहाउसमधला बॅडमिंटन हॉल सकाळी रिकामा असतो तो घ्या. तिथं पिकलबॉल होतं का? आणि ते तीन आकड्यांच्या स्कोअरचं कोणीतरी समजावून सांगा, मुलगा फोनवर सांगत होता, माझ्या डोक्यावरून गेलं. मी बँकेत आयुष्यभर आकडेच केलेत तरी!

कमिटीवाला

दुसऱ्या बाजूनं बोलतो, मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे. आवाजाची तक्रार खोटी नसते. कडक पॅडलवर कडक प्लॅस्टिक, त्याचा टॉक टॉक आवाज थेट बेडरूममधे जातो, आणि तो एका लयीत नसतो त्यामुळे कानाला त्याची सवय होत नाही. आमच्याकडे रात्रपाळीवाले आहेत, लहान बाळं आहेत. स्पंजसारखे मऊ, कमी आवाजाचे चेंडू मिळतात, सराव करायला चालतात पण टप्पा वेगळा पडतो. तुमच्या सेक्रेटरींनी हॉल सुचवला ते बरंच केलं म्हणायचं, घेऊन टाका. पावसाळ्यात तसंही बाहेरचं कोर्ट शेवाळतं.

फिजिओ_मी

काकू, काकांचं इथं कोणी हो किंवा नाही म्हणू नये, मीही म्हणणार नाही. त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टना नीट सांगा की चालणं नाही, थांबून-थांबून झटके देणारा खेळ आहे, ते स्ट्रेस टेस्ट करायला सांगतील किंवा नाही. त्यांनी होकार दिला तर पुढचं वाचा.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना पडून डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी घरी थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल. बाकी छोट्या मारानं काळंनिळं जास्त होईल, त्याला घाबरू नका. हृदयाच्या काही गोळ्यांनी नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळात आकडा कमी दिसला म्हणून आपण दमलो नाही असं समजू नये. खेळता खेळता पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघायचं, नाही आलं तर बसायचं. शुगरसाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर उपाशीपोटी उतरायचं नाही, काहीतरी खाऊन जायचं आणि खिशात ग्लुकोज ठेवायचं. थरथर, घाम, डोळ्यापुढं अंधारी आली की आधी साखर तोंडात, मग बाकीचं.

छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला तर "हा गेम संपवून बसतो" हे वाक्य चालणार नाही. पुरुष मंडळी हमखास हेच म्हणतात. खेळ तिथंच बंद आणि लगेच हॉस्पिटल.

गोदाकाठ

नाशिकचा, जन्म गेला बॅडमिंटनमधे, खांद्यानं स्मॅश बंद केल्यावर इकडे वळलो. आपल्याकडे हा खेळ मुंबईच्या सुनील वालावलकरांनी आणला, २००८ साली ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन सुरू केली, तेव्हा कोणी विचारत नव्हतं, आता गल्लोगल्ली कोर्टं.

ताई, बॅडमिंटन हॉल म्हणजे तुमचं निम्मं काम झालंय. बॅडमिंटनचं डबल्स कोर्ट ४४ बाय २० फूट आणि पिकलबॉलचंही तेवढंच, एका इंचाचा फरक नाही. बाहेरच्या रेषा आणि मधली रेषा तीच वापरायची. फक्त बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर असते आणि किचन सात फुटांचं, म्हणजे त्या रेषेच्या मागं सहा इंचांवर दोन्हीकडे टेप मारायचा. नेट खाली घ्यावं लागतं, दोन्ही टोकांना ३६ इंच, मधे ३४. बॅडमिंटनचे खांब त्यासाठी सोयीचे नसतात, नेट बांधलं तरी खाली लोंबतं, त्यापेक्षा सहा-सात जणांनी वर्गणी काढून चाकांचं सुटं नेट घ्या. कोर्टच्या मागं भिंत किती लांब आहे ते मात्र मोजा. एकूण जागा किमान ६० बाय ३० फूट असावी अशी नियमातच शिफारस आहे, म्हणजे मागं आठ फूट सुटतात. त्याहून कमी असेल तर मागच्या भिंतीला गाद्या लावा किंवा त्या हॉलचा नाद सोडा.

चेंडू दोन प्रकारचे. बाहेरचा कडक, बारीक ४० भोकांचा. आतला जरा मऊ, मोठ्या २६ भोकांचा. हॉलसाठी २६ वाला घ्या, आवाजही कमी करतो. पॅडल पहिलंच महागडं नको. साधारण २१५ ते २३० ग्रॅम, मधला गाभा १६ मिलिमीटरचा असेल तर चेंडू जास्त ताब्यात राहतो. मूठ हातात जाडी वाटली तर दुरुस्त होत नाही, बारीक वाटली तर बॅडमिंटनची ग्रिप वर गुंडाळता येते, म्हणून बारीक मुठीचं बघा. आणि पॅडल आवळून धरू नका.

स्कोअर. समजा तुम्ही सर्व्हिस करताय आणि ओरडता "चार, सहा, एक". चार तुमचे, सहा समोरच्यांचे, एक म्हणजे तुमच्या जोडीतली पहिली सर्व्हिस करणारी तुम्ही. पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळतो. मिळाला की तुम्ही दोघींनी जागा बदलायच्या आणि तुम्हीच पुढची सर्व्हिस दुसऱ्या बाजूनं करायची. रॅली (एका सर्व्हिसपासून चेंडू चुकेपर्यंतची टोलवाटोलवी) हरलात की पॉइंट कोणालाच नाही, सर्व्हिस तुमच्या पार्टनरकडे, आता आकडा "चार, सहा, दोन". तीही हरली की सर्व्हिस पलीकडे. गेमच्या सुरुवातीला मात्र पहिल्या बाजूला एकच सर्व्हर मिळतो, नाहीतर पहिली सर्व्हिस घेणाऱ्यांचा फार फायदा होईल, म्हणून सुरुवातच "शून्य, शून्य, दोन" अशी. अकराचा गेम, दोनचं अंतर हवं. बँकेवाल्यांना अवघड नाही, दोन दिवस खेळताना मोठ्यानं म्हणा, बसतं.

सर्व्हिस खालून, तिरकी, किचन आणि किचनची रेषा ओलांडून पडली पाहिजे. ती समोरच्यानं टप्पा पडू देऊनच घ्यायची आणि त्याचा परत आलेला चेंडूही तुमच्या बाजूनं टप्पा पडू देऊनच घ्यायचा. नवीन माणसं इथंच फसतात, सर्व्हिस केली की लगेच पुढं धावतात आणि चेंडू पायात येतो. सर्व्हिस करणाऱ्यांनी मागं थांबायचं, घेणाऱ्यांनी मारून लगेच किचनच्या रेषेपाशी यायचं. तुमची रिंगची सवय कामाला येईल, हात पुढं ठेवायची आणि पाय मोकळे ठेवायची. फक्त चेंडू झेलू नका.

नेटचं माप रोज घ्यायला पट्टी शोधत बसू नका, ३४ आणि ३६ वर खुणा केलेली एक काठी हॉलमधेच ठेवून द्या. आणि टेप चिकटवण्याआधी तेवढी जागा ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या, नाहीतर आठवड्याभरात टोकं उचलतात आणि त्यातच कोणाचा तरी बूट अडकतो.